नवऱ्याच्या नावाचा रकाना

मतदार यादीत एकदा नाव चढले की माणूस अमर होतो. निदान आमच्या जिल्ह्यात तरी होतो, कारण नाव चढवायला सरकारी माणूस दारात येतो आणि उतरवायला मयताच्या घरच्यांना कचेरीत यावे लागते. तेरवीच्या गडबडीत त्यांना ते सुचत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी वर्ध्याला जिल्हा कचेरीच्या निवडणूक शाखेत कारकून होते, तेव्हा अशा बऱ्याच अमर मंडळींशी माझी ओळख झाली. त्यांतले काही दर निवडणुकीला मतदानही करून जात.

छापखान्यातून यादीची कच्ची प्रत आली की आम्ही ती दोघादोघांत ताडून पाहायचो. एकाने हाताने लिहिलेली मूळ यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील प्रतीवर खूण करत जायचे. माझ्या जोडीला सेलूकडचे एक वयस्कर बाबू होते. मी त्यांना काका म्हणायची. त्यांचा आवाज पोथी वाचणाऱ्याचा होता. घर, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, असे ते एका लयीत म्हणत जात आणि दुपारच्या उन्हात शाखेतल्या निम्म्या लोकांना त्या लयीवर झोप लागे.

त्या हिवाळ्यात माझे साक्षगंध झाले होते. मुलगा हिंगणघाटचा, कापसाच्या गिरणीच्या ऑफिसात नोकरीला. माझे वय तेव्हा इतके वाढले होते की ओळखीच्या घरांतून त्याची चर्चाही बंद झाली होती. माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक. खादीचा सदरा, खणखणीत आवाज, आणि गावातल्या हुंडाविरोधी मंडळाचे अध्यक्षपद. दुसऱ्यांच्या लग्नांत ते हुंड्यावर बोलायला उभे राहिले की वाढपी पंगतीतल्या पोळ्या परत झाकून ठेवत. आता त्यांच्याच घरी हुंड्याचा शब्दही न काढणारे स्थळ चालून आले होते. साक्षगंधाला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे वेगवेगळे गाठून सांगितले. लग्न मे महिन्यात, भटजीशिवाय, सुताचे हार घालून व्हायचे होते. हॉलही ठरला होता.

मुलाला मी दोनदाच भेटले होते. दुसऱ्या भेटीत त्याने मला विचारले होते की तुम्ही सध्या काय वाचता, आणि मी सांगितले ते शेवटपर्यंत ऐकून घेतले होते. ऐकून घेणारे पुरुष मी तोवर फक्त कचेरीच्या खिडकीबाहेर रांगेत पाहिले होते. त्यामुळे तो मला आवडला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

फेब्रुवारीत हिंगणघाटच्या याद्या आल्या तेव्हा त्याच्या वॉर्डाचा गठ्ठा मी मागून घेतला. पत्रे लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. त्याचे नाव छापलेले पाहावे, एवढीच इच्छा होती.

काकांनी ओळखलेच. ‘‘काऊन बाई, लगनाच्या आधीच नवऱ्याले लिस्टीत पाहून राह्यली का?’’

‘‘काका, वाचा तुम्ही.’’

‘‘वाचतो ना. पण घर आलं का सांगजो, म्हणजे जरा सुरात वाचीन.’’

मी सांगितले नाही, तरी ते सुरात वाचत गेले. त्याच्या वडिलांचे नाव आले, आईचे आले, मग त्याचे. मी खूण केली, जरा जास्तच ठसठशीत. त्यानंतर काकांनी एका बाईचे नाव वाचले, वय चोवीस, आणि नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात त्याचे नाव. ते वाचून झाल्यावर लय थांबली. शाखेतले दोघे-तिघे जागे झाले.

काकांनी चष्मा काढून पुसला. ‘‘लिस्ट करनाऱ्या मास्तरानं काईतरी घोळ केला असन,’’ ते म्हणाले, आणि पुढचे घर अगदी हळू आवाजात वाचायला लागले.

संध्याकाळी मी वडिलांना सांगितले. ते तांदूळ निवडत बसलेल्या आईशेजारी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

‘‘वहिनी असेल ती त्याची,’’ ते म्हणाले. ‘‘थोरला भाऊ वारला. आता असं बघ बेटा, यादी करायला मास्तर दारात उभा. तो विचारतो, नवऱ्याचं नाव? ती बाई कशी घेईल नाव? दीर तिथंच उभा असेल. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं असेल, की ह्यांना विचारा. मास्तरला वाटलं, हाच नवरा. लिहून मोकळा झाला.’’

हे अगदी शक्य होते. आदल्याच आठवड्यात आमच्याकडे एका गावाची यादी आली होती. तिच्यात एका गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांचा नवरा एकच निघाला, गावचा कोतवाल. मास्तरने नवऱ्याचे नाव विचारले आणि प्रत्येक बाईने पदर सावरत ‘कोतवालाले पुसा’ म्हणून सांगितले, कारण गावात सगळ्यांची नावे त्यालाच पाठ असतात. मास्तर नवा होता आणि आज्ञाधारक होता. ती यादी दुरुस्त करताना आम्ही पोट धरून हसलो होतो.

थोरल्या भावाचे मी प्रथमच ऐकत होते. पण साक्षगंधाला मेलेल्या माणसांची ओळख करून देत नाहीत. मी निर्धास्त झोपले.

दुसऱ्या दिवशी काकांना ही हकिगत सांगितली. त्यांनाही हायसे वाटले. ‘‘मंग दुरुस्त करून टाकू,’’ ते म्हणाले. ‘‘पण असं तोंडी नाई चालत, बाई. पुरावा लागते. त्या भावाच्या मयताची नोंद आण. नाई तं बिचारी जन्मभर दिराची बायको म्हणून मत देईन.’’

तेव्हा मी हिंगणघाटला गेले ते भावी जावेचे भले करायला गेले. संशय माझ्या मनात नव्हता, असे मी आजही म्हणेन. शनिवारी रजा टाकली. सकाळची एसटी धरली. नगरपालिकेच्या जन्ममृत्यू विभागात एक बाबू सुपारी कातरत बसले होते. मी पत्ता सांगितला, वर्ध्याहून आले, मयताची नोंद शोधायची आहे म्हणाले. शोधाची फी भरून कोणालाही नोंद पाहता येते, हे मला माहीत होते. मी स्वतःच कितीजणांना ते खिडकीतून सांगितले होते.

त्यांनी रजिस्टरे काढली. बराच वेळ चाळली. ‘‘कधी वारले म्हणता?’’

‘‘नक्की माहीत नाही. थोरले भाऊ होते.’’

‘‘त्या घरी मयत नाई, ताई. जन्म आहे एक.’’ त्यांनी दुसरे रजिस्टर माझ्याकडे फिरवले. मुलगा. जन्म आदल्या पावसाळ्यातला. आईचे नाव यादीतल्या बाईचे. बापाचे नाव त्याचे. जन्माची खबर देणाऱ्याची सही होती, तीही त्याचीच, वळणदार. खबर देणारा पुरुष होता, त्याला कोणाचे नाव घ्यायला अडचण नव्हती.

मी नक्कल मागितली. बाबूंनी अर्जाचा कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘‘याची नक्कल तं गेली आहे ना एक. तुमच्याकडूनच आलते एक जण, वर्ध्याहून. खादीवाले. लई सुंदर अक्षर. मी म्हटलं, गुरुजी, असं अक्षर आता राह्यलं नाई. खुश झाले. बसून चहा घेतला माह्यासंगं.’’

कौतुक दाखवायला म्हणून त्यांनी तो अर्ज फायलीतून काढला. ते अक्षर मला दाखवायची गरज नव्हती. त्याच अक्षरावर हात फिरवून मी बाराखडी शिकले होते. ‘नक्कल कोणत्या कामी हवी’ या ओळीपुढे वडिलांनी लिहिले होते, विवाहसंबंधाचे कामी. खाली तारीख होती. साक्षगंधाच्या आधीची.

परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारले की कोणाच्या मयतीला गेलती का. मी नाही म्हणाले.

घरी वडील ओट्यावर मंडळाच्या दोघा सभासदांशी बोलत होते. ते जाईपर्यंत मी थांबले. मग नक्कल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली नाही, फक्त घडी घातली.

‘‘बाबा, तुम्ही जाऊन आला होता.’’

‘‘मुलीचा बाप चौकशी करतोच.’’

‘‘आणि थोरला भाऊ?’’

आई दारात येऊन उभी राहिली होती. ‘‘कोणता भाऊ?’’ तिने विचारले. तिला खरेच माहीत नव्हते. एवढे एक बरे झाले.

‘‘ती माहेरी गेली ती परत नांदायला येत नाही,’’ वडील म्हणाले. ‘‘सोडचिठ्ठी होईल आज ना उद्या. मुलगा चांगला आहे. वाचणारा आहे. तुझं वय काय, बेटा? मी किती दारं पालथी घातली, तुला माहीत नाही. दोन ठिकाणी तर त्यांनी मला बसासुद्धा म्हटलं नाही.’’

हे खरे असणार. ते खरे होते म्हणूनच मला जास्त लागले.

‘‘त्यांनी हुंडा का नाही मागितला?’’

‘‘ते पुरोगामी लोक आहेत.’’

‘‘बाबा.’’

त्यांनी घडी घातलेला कागद गुडघ्यावर ठेवून सरळ केला. ‘‘ही नक्कल मी त्यांच्यासमोर ठेवली,’’ ते म्हणाले. ‘‘त्यानंतर त्यांना मागायला तोंड राहिलं नाही.’’

हे सांगताना त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. मला वाटते, तो त्यांना ऐकू आला नाही. मग माझ्या ध्यानात आले की आयुष्यभर नोंदणी विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने माझ्यासाठी सुताचे हार का निवडले. नोंदणीला आधी नोटीस लागते, ती कचेरीच्या फलकावर लागते, आणि कोणीही उठून सांगू शकते की या माणसाला एक बायको आहे.

‘‘मले सांगतलं असतं तं,’’ आई त्यांना म्हणाली. पुढे काय झाले असते ते तिने सांगितले नाही. ती आत गेली आणि त्या रात्री तिने त्यांना वाढले नाही. ताट झाकून ठेवले.

मी लग्न करणार नाही, असे मी वडिलांना सांगितले, आणि हिंगणघाटला ते तुम्हीच जाऊन सांगा, असेही. ते गेले. तिथे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. तिकडून कोणी आले नाही, पत्रही आले नाही. ऐकून घेणाऱ्या माणसाने हेही निमूटपणे ऐकून घेतले असावे.

सोमवारी काकांनी विचारले, ‘‘भेटला पुरावा?’’

‘‘नोंद बरोबर आहे, काका,’’ मी म्हणाले. त्या बाईच्या नावापुढची खूण राहिली होती, ती केली. काकांनी पुढचा गठ्ठा सोडला. त्या दिवशी त्यांनी सगळ्या वॉर्डाचे वाचन स्वतःच केले आणि मला एकदाही पाळी घ्यायला सांगितले नाही.

गावात मात्र कारण द्यावेच लागते. महिन्याभरात माझ्या कानावर आले की लग्न का मोडले: मुलाकडच्यांनी ऐन वेळी हुंडा मागितला आणि गुरुजींनी बाणेदारपणे स्थळ परत पाठवले. मला हे कचेरीतल्या शिपायाने सांगितले, डोळ्यांत पाणी आणून. मी घरी आले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि मी काय ऐकून आले ते त्यांना कळले.

‘‘लोक बोलतात,’’ ते म्हणाले. ‘‘त्यात तुझीच अब्रू राहते.’’

खरे सांगायला मी कोणाकडे जाणार होते? ऐकणाऱ्याने पहिला प्रश्न माझ्या वयाचा विचारला असता, दुसरा माझ्यात काय खोट आहे याचा. आणि माहेरी बसलेल्या त्या बाईचे नाव गावभर झाले असते, जिने माझे काही बिघडवले नव्हते. वडिलांनी हे सगळे आधीच जोखले होते. मी गप्प बसेन हे त्यांना माझ्याआधी माहीत होते, आणि ते मला त्या अर्जापेक्षाही जिव्हारी लागले.

मंडळाने त्यांचा जाहीर सत्कार करायचे ठरवले. मे महिन्यातला हॉल आमच्या नावावर होताच, तोच घेतला. तारीखही तीच राहिली. चार वक्ते बोलले. मी पहिल्या रांगेत आईशेजारी बसले होते आणि प्रत्येक वक्त्याने माझ्याकडे हात करून त्यागाचा उल्लेख केला. वडील उत्तरादाखल उभे राहिले, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. शेवटी अध्यक्षांनी त्यांना शाल पांघरली आणि छायाचित्रकार येईपर्यंत ती काढू नका, अशी विनंती केली. छायाचित्रकाराची सायकल पंक्चर झाली होती. शाल लोकरीची होती.