रसदकोठीच्या सात तोफा

सांगा म्हणं, सांगा! रसदकोठीला रंग देऊन तिथं जुन्या वस्तू मांडणार, म्हणून तिचा इतिहास आता माझ्याकडून पाहिजे. तिथं जन्मभर चौकीदारी केली, तेव्हा कुणी चहाला विचारलं नाय. मी दोन इयत्ता शिकलेला, त्याही उर्दूत. इतिहास मला येत नाय. किस्से मात्र पोत्यांसारखे थप्पीवर थप्पी लागलेत. घ्या लिहून अन् मला मोकळं करा!

*

निजामाच्या फौजेचं सामान तिथं राहायचं. कोठी लांब किती? या टोकाहून मी हाक मारायचो. त्या टोकाला हमाल करीमभाई, आम्हा सगळ्यांसारखाच, कोठीतला फौजी टोप कानावर ओढून बसलेला. टोप वर सारून विचारायचा, "कौन? पडेगाव से बुला रहा क्या?"

*

पोलीस ॲक्शन झाली, फौज गेली. आमचं काय, म्हणून मी घाबरलो. करीमभाई म्हणाला, "ताला वहीच है ना? फिर बैठ चुपचाप!"

बसलो. नोकरी टिकली.

*

नव्या सरकारनं उरलेले बूट वाटायला काढले. पोती उघडली तर सगळे डाव्या पायाचे! देवगाव रंगारीच्या एका मेंढक्यानं तरी दोन घातले अन् आवारात चक्कर मारली.

"कसं काय, पाव्हणं?"

"लई झ्याक! फक्त घर उजवीकडं हाय."

*

मग नवे हेडक्लार्क आले, दिगंबरराव. उर्दू नवीनच शिकलेले. जुनी यादी बोटानं वाचता वाचता ओरडले, "तोप, सात! अरे, सात तोफा कुठं गेल्या?"

"इथं तोफ कधी आलीच नाय, साहेब."

"यादीत आहे! तीन दिवसांत हजर कर, नाहीतर तुला आत टाकतो!"

कोठी उपसली, विहिरीत गळ टाकला. घरी बायकोनं चूल पेटवली नाय. करीमभाई वरून म्हणतो, "मियाँ, दो-तीन तो लौटा दे. बाकी का मैं बोलता साहब को!"

*

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तहसीलदार आले. दिगंबरराव उन्हासाठी डोक्यावर टोप चढवून धावत पुढं गेले अन् माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हाच तो तोफचोर!"

मी म्हणलं, "यादी मला दाखवा." वाचली, अन् जीव भांड्यात पडला. उर्दूत त अन् ट सारखंच दिसतं, फक्त वरची खूण निराळी. लिहिणाऱ्यानं घाईत खूणच दिली नव्हती.

"साहेब, हे तोप नाय. टोप हाय, टोप!"

तहसीलदारांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. मग करीमभाईच्या. मग ओळीनं उभ्या चार हमालांच्या. मोजत मोजत दिगंबररावांपाशी थांबले.

"सहा झाले. दिगंबरराव, सातवी तोफ उतरवा."

त्यांनी उतरवली. मी घरी गेलो, पोटभर जेवलो. पण "चुकलो" म्हणायचं अजून राह्यलंय, ते हेडक्लार्क दिगंबररावांचं!