भिंतीवर धरलेली जागा

मी आधी ज्या शाळेत शिकवायचो, त्या संस्थेच्या अध्यक्षांनी मला फसवलं. आज कायम करतो, उद्या कायम करतो, असं म्हणत उमेदीची वर्षं मला जवळपास फुकट राबवून घेतलं. जिल्हा परिषदेच्या शाळेवर निवड झाली आणि मी निघालो, तर वर्गासाठी मी पदरमोड करून जमवलेले तक्ते, नकाशे, गोष्टींची पुस्तकं सगळं ठेवून घेतलं. "शाळेत आलेली वस्तू शाळेची," म्हणाले. गेटावर मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिता येत नाही.

रिकाम्या हातानं बोरीच्या पुढच्या एका गावात रुजू झालो. पहिल्याच दिवशी कळलं, दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि लेकरंही सोबत जातात. मी हट्टाला पेटलो. वर्ग असा करायचा की पोरांनी जायला नकार दिला पाहिजे.

वर्ग म्हणजे निजामाच्या काळातली दगडी खोली, मोडक्या बाकांनी भरलेली. बाकं बाहेर काढली, जाळी झाडली आणि मान वर केली. एवढं उंच छत मी कुठल्या शाळेत पाहिलं नव्हतं. झरोक्यातून उन्हाचा पट्टा तिरका खाली उतरला होता, त्यात धूळ सावकाश फिरत होती. मी झाडू हातात धरून नुसता उभा राहिलो.

मग परभणीला जाऊन काळा रंग आणला. मी आठवडी बाजारात भाजी विकून शिकलेला माणूस, पहिल्या भावात काही घेत नाही. दुकानदार वैतागला. "गुरुजी, रंग घ्यायलाव का लग्नाचा बस्ता बांधायलाव?" रंग माझ्याच भावात आणला आणि पोरांचा हात पोचेल तिथपर्यंत चारी भिंती काळ्या केल्या. प्रत्येकाला हातभर फळा, स्वतःचा.

सोमवारी पोरं दारातच थबकली. कुणी हलेना. शेवटी चौथीतली एक मुलगी पुढं आली, भिंतीला तळहात लावून म्हणाली, "सर, हे पुसायचं न्हाई ना?"

"तुझं तू लिही, तुझं तू पूस."

तिनं अख्खा फळा भरून एक झाड काढलं. मधल्या सुट्टीतही ती तिथून हलली नाही.

दिवाळीनंतर तिच्या बापाला गाठलं. "पोरीला ठेवा. आजी आहे घरी."

"आजीला दिसत न्हाई, सर. अन् आमचा कोयता म्हंजे दोघं. मी तोडणार, हिची माय मोळ्या बांधणार. मग धाकट्याला कोण बघंल?"

मी जेवणाची हमी दिली, आजीला दवाखान्यात नेतो म्हणालो, आवाज चढवला, शेवटी हातही जोडले. त्यानं माझे हात धरले आणि खाली केले. सकाळी ट्रॅक्टर गेला. उभ्या आयुष्यात एवढ्या वाईट रीतीनं मी कुठला सौदा हरलो नव्हतो.

पंधरवड्यानं वर्गात एक नवा मुलगा आला. त्याला मी त्या मुलीचा फळा दाखवला. झाड पार फिकं झालं होतं. वरच्या खिळ्याला कुणाची तरी मळकी दस्ती, म्हणजे हातरुमाल, लटकत होती. मुलानं खडू घेतला, दस्तीकडं बघितलं आणि खडू खाली ठेवला.

"लिही की रे!" मी खेकसलो.

"जागा धरलीय, सर."

मागून दोघं-तिघं एकदम बोलली, "आमी टाकलीय दस्ती. ती येणार हाय."

एसटीच्या खिडकीतून दस्ती टाकून जागा धरतात, तशी या पोरांनी भिंत धरली होती. आमच्याकडं धरलेल्या सीटवरूनही हाणामाऱ्या होतात. मी स्वतः केल्या आहेत. पण इथं एका अनोळखी पोरानं दस्ती पाहिली आणि मुकाट्यानं मान दिला. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. नंतर पाहिलं, तर आणखी पाच ठिकाणी दस्त्या होत्या. एके ठिकाणी नुसती चिंधी. मी त्या मुलाला माझ्या टेबलामागची भिंत दिली आणि खुर्ची बाजूला ओढली.

तूर निघाली, हरभरा घाट्यावर आला. दस्त्या तशाच आहेत.

बापाला मी दोष देत नाही. पण ज्या मुकादमानं ते बिऱ्हाड नेलं त्यानं, ज्या कारखान्यात तो ऊस जातो त्याच्या चेअरमननं आणि अशा पोरींना शाळेत ठेवण्यासाठी ज्यांना पगार मिळतो त्या साहेबांनी एकदा माझ्या वर्गात यावं. ती आज इथं का नाही, ते सांगावं. मला सांगू नका. ज्यांनी जागा धरलीय, त्या पोरांना सांगा.