बाबांचं यीस्ट, आईचं पाणी

आमच्या अंधेरीच्या गावठाणातल्या घरी फ्रिज आला तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. आल्या दिवसापासून त्याच्या वरच्या कप्प्यात आईच्या कालवणाला जागा नाही. तिथे बाबांचं यीस्ट ठाण मांडून! जॅमच्या बाटलीत तळाला पांढरा दाट थर, वर नितळ पाणी. आई त्याला ‘माझी सवत’ म्हणायची.

बाबा जोगेश्वरीला कारखान्यात फिटर होते आणि घरी बिअर करायचे. जव भिजवायचे, मोड आले की ओट्यावर गोणपाटावर वाळत घालायचे. कडूपणासाठी काडेचिराईत. बेकरीतलं यीस्ट मात्र चालायचं नाही, बिअरला पावाचा वास येतो म्हणे. हे यीस्ट मामाने बोटीवर असताना कुठल्याशा परदेशी बंदरातून आणलेलं. पुढे मामाने बोट सोडली आणि गोराईला शेती बघू लागला. म्हणजे बाटलीतलं मेलं की संपलंच सगळं.

म्हणून ते धुवून पुन्हा पुन्हा वापरायचं. तयार बिअर नळीने काढून घेतली की आंबवायच्या बरणीच्या तळाशी गाळ उरतो. त्यात उकळून गार केलेलं पाणी घालून हलवायचं आणि थोडं थांबायचं. भुसकट जड, ते खाली बसतं. यीस्ट दुधासारखं वर राहतं, तेवढं अलगद बाटलीत ओतून घ्यायचं. पाणी उकळलेलंच हवं, याबाबतीत बाबा आमच्या फादरपेक्षा कडक होते.

एका ईस्टरनंतर बाबांच्या छातीत कळ आली. इस्पितळात खाटेवर पडल्या पडल्या, नाकात नळी, आणि माणूस काय बोलतो? “बरणी तशीच आहे गं. यीस्ट मरेल.” मला इतका संताप आला! इथे आमचा जीव टांगणीला लागलाय आणि यांचं आपलं यीस्ट. आई मात्र तडक उठली. घरी गेली, आणि परत आल्यावर एवढंच म्हणाली, “धुतलं.” जिने त्या बरणीला कधी हात लावला नव्हता ती! बाबा त्या दिवशी शांत झोपले.

घरी आल्यावर त्यांनी आधी फ्रिज उघडला. बाटली उजेडाला धरून म्हणाले, “पाणी उकळलं होतंस ना?”

“पवित्र पाणी कोण उकळतं हो?”

ईस्टरला चर्चमधून आणलेली पवित्र पाण्याची बाटली आमच्याकडे क्रुसामागे असायची. कुणी आजारी पडलं की आई ते शिंपडायची. ते तिने यीस्टमध्ये ओतलं होतं, अख्खं.

“अगं, वाट लावलीस! त्या पाण्यात अख्ख्या गावाची बोटं बुडालेली असतात!”

“मग काय करू? माझा नवरा खाटेवर पडलेला. नळाचं ओतू?” आईचा आवाज चिरकला. “आणि मोरीत ओतायचं नाही हां. पवित्र आहे ते.”

बाबा बाटली हातात धरून उभे. टाकायची सोय नाही आणि वापरायची भीती. शेवटी त्यांनी जव भिजत घातले.

यीस्ट घातल्यावर दिवसभर बरणी ढिम्म. बाबा जाता-येता कान लावायचे. आई स्वयंपाकघरातून बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते, तर बाबांची हाक, “अगं ये, ये! ऐक!” बरणीत बारीक चुरचुर चालू होती आणि वर फेस धरला होता. आईने कान लावला, मग कपाळावर क्रूस काढला आणि भात टाकायला गेली.

बिअर तयार झाली, पण डॉक्टरांनी बाबांना थेंबसुद्धा घ्यायला मनाई केली होती. त्यांनी पहिला ग्लास भरला आणि आईपुढे धरला. तिने जन्मात कधी चाखली नव्हती. नाक मुरडत एक घोट घेतला.

“कडू आहे,” ती म्हणाली. आणखी एक घोट घेतला. “पण जगलं ना.” आणि ग्लास मांडीवर धरून ती रडायला लागली. इस्पितळात एकदाही रडली नव्हती.

बाबा तिच्या शेजारी ओट्यावर टेकले. मग म्हणाले, “पुढच्या खेपेलाही तूच धू.”