चार नसलेल्या गायींची ज्वारी

ऑस्ट्रेलियात पोचल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी चार गायींचा मालक झालो. चारही लाल कंधारी. त्यातली एक गाभण आहे, असंही मी दुकानदाराला सांगितलं. राहायला मी तिसऱ्या मजल्यावर होतो आणि खोली एवढीशी, की पलंग आणि टेबल यांच्यामधून मला स्वतःला तिरकं होऊन जावं लागायचं. पण एकदा खोटं बोलायला लागलो की मी जागेचा विचार करत नाही.

गायींपर्यंत कसा पोचलो ते सांगतो. सुरुवात परभणी जिल्ह्यात, आमच्या स्वयंपाकघरात झाली होती.

निघायला आठवडा राहिला होता. फेब्रुवारी महिना, रानात ज्वारी काढणीला आलेली. अप्पा, म्हणजे माझे वडील, माझी बॅग दिवसातून तीनदा कापसाच्या काट्याला टांगून बघायचे. अशा गडबडीत मायनं मला भाकरी थापायच्या काटवटीपुढं बसवलं. घरात गॅस होता, पण भाकरीसाठी तिला चूलच लागायची.

"बस हितं. भाकर शिकून घे."

"त्यात काय शिकायचंय माय? पीठ, पाणी, थापायचं आन् टाकायचं."

"आसं व्हय? मग थाप की."

"मी कृषी पदवीधर हाय. ज्वारीचं मुळापासून कणसापर्यंत समदं ठाव हाय मला."

"कणसाच्या पुढचं सांग," माय म्हणाली.

कणसाच्या पुढचं मला खरंच काही माहीत नव्हतं. माझ्या लेखी ज्वारी कणसातून निघायची ती थेट ताटात पडायची, गरम, वर लोण्याचा गोळा असलेली. मधला सगळा प्रवास मायच्या हातातला. पण तसं कबूल करायचं सोडून मी उठलो आणि मित्रांबरोबर देवगाव फाट्यावर चहाला निघून गेलो. तेवीस वर्षांच्या माणसाला देशाबाहेर जायच्या आधी अशी महत्त्वाची कामं असतात.

शेतीचं पुढचं शिकायला मी गेलो ते गाव क्वीन्सलँडच्या आतल्या बाजूचं. बसमधून पहिल्यांदा जाताना मी काचेला नाक लावलं ते काढलंच नाही. काळी माती. आपली असते तशीच, भेगाळलेली, चिक्कट, बुटाला धरणारी. आणि तिच्यात नजर पोचेल तिथपर्यंत ज्वारी. फक्त बुटकी, आणि कणसं लाल. आपल्या गावातला एखादा माणूस परक्या बाजारात, अंगात भलताच सदरा घालून भेटावा, तसं मला झालं. ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. शेजारच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

चौथ्या दिवशी मायचा व्हिडिओ कॉल आला.

"काय खायलास रे तिकडं?"

मी चार दिवस पाव आणि लोणचं खात होतो. पाव गार, लोणचंही गार. पण निघताना मायनं जे शेवटचं वाक्य म्हटलं होतं, ते माझ्या कानात होतं: भाकरीबिगर कसं ऱ्हाईल हे लेकरू. तेव्हा मी म्हणालो, "भाकर."

"भाकर? कोन करायलंय?"

"मीच की. पीठ भेटलं हितं."

"फुगती का?"

"टम्म!"

मायचा चेहरा असा उजळला की मला खोटं बोलल्याचा पश्चात्ताप व्हायच्या ऐवजी अभिमानच वाटला. पुढच्या कॉलला शेजारच्या काकू तिच्या खांद्यावरून डोकावत होत्या. "आमच्या सुनंला फुगंना, आन् ह्याला फुगायली बगा," त्या म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझ्या भाकरीची कीर्ती गल्ली ओलांडून पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. मी मात्र अजून पावच खात होतो. गावात भारतीय सामानाचं एक दुकान होतं. तिथं बासमती होता, गोठवलेले पराठे होते, ज्वारी नव्हती.

इकडं वर्गात माझी उलट गत. मायपुढं तोंड थांबत नव्हतं आणि वर्गात उघडत नव्हतं. आम्ही बारा विद्यार्थी. शिकवणाऱ्या मॅडम साठीच्या, पायात चिखलाचे बूट, केस पांढरे. पहिल्या दिवशी त्या आत आल्या तसा मी ताडकन उभा राहिलो. बाकी कुणीच उठलं नाही. मॅडमना वाटलं मला बाहेर जायचंय. त्यांनी हातानं दार दाखवलं. आता काय करणार? गेलो बाहेर. पाच मिनिटं व्हरांड्यात उभा राहून परत आलो. त्यानंतर दोन आठवडे मी वर्गात हजेरीपलीकडे एक शब्द बोललो नाही.

मग एका बुधवारी मॅडमनी लाल ज्वारीचं कणीस वर धरलं. "हे पीक आपण कशासाठी घेतो?"

"जनावरांसाठी," माझ्या पुढं बसलेला दांडगा विद्यार्थी म्हणाला. त्याच्या घरची एवढी ज्वारी होती, की आमचा अख्खा शिवार त्यांच्या एका तुकड्यात बसला असता. "गुरं, डुकरं, कोंबड्या."

"आणखी?"

माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. "आम्ही खातो," मी म्हणालो.

बाकीचे अकरा जण वळून माझ्याकडे बघायला लागले.

"कशी?" मॅडमनी विचारलं.

"भाकर करतो. रोज."

"तू स्वतः करतोस?"

इथं सत्याला शेवटची संधी होती. "हो," मी म्हणालो.

"सुरेख! पुढच्या बुधवारी आण. आम्ही सगळे खाऊन बघू."

तर असा मी त्या दुकानात पोचलो. जनावरांच्या खाद्याचं मोठं दुकान, गोठ्यासारखाच वास, आत शिरताच जिवाला बरं वाटलं. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, एवढी अक्कल पदवीनं दिली होती, म्हणून पोत्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. जनावरांचं खाद्य, बिनऔषधी, वीस किलो. गल्ल्यावरच्या माणसानं सहज विचारलं, "किती जनावरं आहेत?"

माझ्यासाठीच पाहिजे, असं म्हणायची लाज वाटली. "चार गायी."

"कुठली जात?"

"लाल कंधारी."

"ऐकली नाही कधी."

"नवीनच आणल्यात," मी म्हणालो. वर त्या गाभण गाईचं सांगितलं.

तो भला माणूस पोतं बसथांब्यापर्यंत माझ्याबरोबर घेऊन आला. तिथं तो गंभीर झाला. "एकदम जास्त घालू नकोस हं. सवय नसेल तर पोट फुगतं. थोडी थोडी वाढव."

मी गायींच्या वतीनं त्याचे आभार मानले.

आता गिरणी. शेजारच्या खोलीत एक व्हिएतनामी विद्यार्थी राहायचा. त्याच्याकडं कॉफी दळायचं यंत्र होतं आणि त्याचा माझ्यावर विश्वास होता. दोन्हींचं मी मातेरं केलं. पीठ निघालं ते अर्धं रवा, अर्धं कोंडा, रंग गेरूचा, वास कॉफीचा. मंगळवारी दुपारी मी सामायिक स्वयंपाकघरात भाकरी करायला उभा राहिलो. पीठ, पाणी, थापायचं, टाकायचं. पहिली उचलायला गेलो तर तिचे पाच तुकडे झाले. दुसरी हाताला चिकटली ती सोडेना. तिसरी कशीबशी तव्यावर गेली आणि मी मोठ्या आशेनं ती फुगायची वाट बघत राहिलो. ती फुगली नाही, पेटली. छताला लावलेली धुराची घंटा किंचाळायला लागली.

पुढच्या दहा मिनिटांत सगळी इमारत खाली हिरवळीवर उभी होती. एक जण नुसता टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण. अग्निशामक दलाची भली मोठी लाल गाडी आली. दोन जवान मला घेऊन वर गेले. एकानं तव्यावरचा काळा तुकडा उचलून निरखला.

"हे काय होतं?"

"जेवण."

"कुणाचं?" त्यानं विचारलं. गंमत करत नव्हता.

ते गेल्यावर मी खिडक्या उघडल्या आणि जमिनीवर बसलो. बुधवार उद्यावर आला होता. तीन आठवड्यांत वर्गात एकच गोष्ट बोललो होतो, ती खोटी ठरणार होती. शिकवू शकणारं माणूस जगात एकच. पण तिला विचारायचं म्हणजे मी टम्म फुगवलेल्या सगळ्या भाकरी तिच्यासमोर फोडायच्या. आणि नुसत्या तिच्यासमोर नाही. काकू होत्या, गिरणी होती.

तिकडं सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी कॉल लावला.

"माय, मला भाकर येत न्हाई."

ती शेंगा निवडत होती. हात थांबला नाही. "ठाव हाय."

"कसं काय?"

"हात दाखीव तुजे." मी दाखवले. "रोज भाकर करणाराच्या बोटाला चटके ऱ्हातेत. तीन आठवडं झालं बघायले मी, एक चटका न्हाई. नवरदेवावानी हात घिऊन बोलायलास."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुला वाटायलं होतं मला बरं वाटायलंय म्हणून," माय म्हणाली. "म्हणलं, वाटू दे लेकराला."

मायनं शेंगा बाजूला सारल्या. "किती जनाला लागत्यात?"

मी सगळं सांगितलं. मॅडम, कणीस, अग्निशामक दल. गायींचं ऐकल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि एवढी हसली की फोन पडला, आणि मला बराच वेळ आमच्या स्वयंपाकघराचं छत दिसत राहिलं. मधेच अप्पांचा आवाज आला, "काय झालं गं?" आणि मायचा, "आवो, पोरानं चार गायी घेतल्या! एक गाभन हाय!"

मग तिनं काटवट ओढली. मी केक भाजायचा पत्र्याचा ट्रे घेतला, फोन किटलीला टेकवून ठेवला. व्हिएतनामी मित्र न सांगता धुराच्या घंटेखाली खुर्चीवर चढला आणि टॉवेल हलवत उभा राहिला. दळायच्या यंत्राचं काय झालंय ते त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

"आगुदर चाळून घे. आन् हे लाल काय? गेरू कालवलास का काय?"

"हितली ज्वारी लालच ऱ्हाती."

"बरं. कडत पाणी घाल. ह्या पिठाला विरी न्हाई, गार पाण्यानं ते एकमेकाला धरायचं न्हाई."

"किती घालू?"

"मला काय इचारायलास? पिठाला इचार."

"माय, इथं घाई हाय."

"तळहातानं रगड. तुजी अक्कल न्हाई, हाताचा जोर लाव. हां. आता थाप. मारू नको रं त्याला, काय वाकडं केलंय त्यानं तुजं?"

थापण्याचा आवाज दोन्हीकडून यायला लागला. तिचा एका तालात, माझा रस्ता चुकलेला. तो आवाज मी जन्मभर ऐकत आलो होतो. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो आणि कूस बदलायचो. त्या ठोक्यांमध्ये इतकं काम असतं, दर ठोक्याला भाकर जराशी फिरवावी लागते, हे मला नऊ-साडेनऊ हजार किलोमीटरवर जाऊन कळलं. चौथी भाकर तव्यापर्यंत अखंड गेली. तळहाताएवढी, कडा फाटलेल्या. मायच्या सांगण्यावरून वर पाणी फिरवलं, उलटली, कडेनं फडक्यानं दाबली. एका कोपऱ्यात ती फुगली. चिंचोक्याएवढी.

"फुगली!" मी ओरडलो. बोटाला चांगलाच चटका बसला होता.

"दाखीव," माय म्हणाली. मी भाकर दाखवली. "ती न्हाई रं. बोट दाखीव."

बुधवारी मी सात भाकरी आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन वर्गात गेलो. मॅडमनी तुकडा मोडला, चटणीला लावला, डोळे मिटून चावला आणि आणखी घेतला. एका मुलीनं शिष्टाचार म्हणून अर्धा घास खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळला. पुढच्या बाकावरचा तो दांडगा बराच वेळ चावत होता.

"लहानपणापासून हे पेरतोय," तो म्हणाला. "खाल्लं पहिल्यांदाच." मग दुसरा तुकडा घेत म्हणाला, "आमच्या बैलांनी कधी सांगितलं नाही."

वर्ग हसला. मॅडमनी मला विचारलं, "तुला किती वेळ लागतो रोज करायला?"

आता 'वीस मिनिटं' म्हणून मोकळं होता आलं असतं. "मला येत नाही," मी म्हणालो. "काल आईनं फोनवरून शिकवल्या. त्याआधी मी इमारत रिकामी केली होती." आणि मग सगळं सांगून टाकलं, गायींसकट. तीन आठवड्यांचं न बोललेलं पंधरा मिनिटांत निघालं. इंग्रजी चुकत होतं, कुणी थांबवलं नाही.

आता परत येऊन चार वर्षं झाली. माझ्या भाकरी अजूनही मायच्या ताटात बसत नाहीत. ती त्यांना 'बिस्किटं' म्हणते. पण त्या दिवसांतला मला वरचेवर आठवतो तो पुढचा रविवार. कॉल मीच लावला होता. मायनं विचारलं, बरं हाय का. रोज मी 'लय भारी' म्हणायचो. त्या दिवशी म्हणालो, "करमना गेलंय, माय."

"आमालाबी," ती म्हणाली. "तुजे अप्पा बॅग न्हाई तरी काटा काढून बसत्यात."

तिच्याकडं मागं कुठंतरी मळणीयंत्र चालू होतं, ते आम्ही दोघं ऐकत बसलो. त्याचा आवाज थांबल्यावर तिनं विचारलं, "ज्वारी किती ऱ्हायलीय?"

"लय हाय. अर्ध्याच्या वर पोतं."

"मग उठ की," माय म्हणाली. "पाणी ठिव कडायला."