शेपटीचे तारे

दुर्बीण घेतली की फोटो साठतात असं लोकांना वाटतं. आमच्याकडे चार वर्षांत दाखवण्यासारखे फोटो काही साठले नाहीत. किस्से मात्र एवढे साठले, की कुणी 'काय म्हणतेय दुर्बीण?' असं विचारलं तर मी आधी त्याला बसायला सांगतो.

आम्ही चौघे. पुंडलिक सर डिचोलीचे, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. दुर्बीण त्यांची. मी त्यांचा विद्यार्थी, आता त्यांच्याच शाळेत लॅब असिस्टंट. तानाजी गडहिंग्लजचा, इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर असतो. आणि सुभाषचं मांद्र्याला गेस्ट हाऊस आहे, त्याची गच्ची अंधारी.

दुर्बिणीत दोन आरसे. तळाशी मोठा, तोंडाशी छोटा. दोघांनी एकमेकांकडे अगदी सरळ बघितलं पाहिजे. त्याला म्हणतात कॉलिमेशन. ते केसभर चुकलं तरी फोटोतल्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. सरांना मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा एकच फोटो हवा होता, गोल ताऱ्यांचा. आणि लवकर हवा होता. पणजीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की नजरेचा मधला भाग हळूहळू जाणार, आणि गेलेला परत येणार नाही.

हे सगळं त्या फोटोसाठी.

* * *

पहिल्या वर्षी आम्ही सरांच्या अंगणात दुपारभर आरसे जुळवायचो आणि संध्याकाळी गाडीतून मांद्र्याला न्यायचो. मधे जो रस्ता आहे त्याबद्दल मी काही बोलत नाही. सर मागच्या सीटवर दुर्बीण गोधडीत गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन बसायचे. प्रत्येक खड्ड्याला 'सावकाश रे' म्हणायचे. मांद्र्याला पोचून बघावं तर दोन्ही आरशांची तोंडं दोन दिशांना!

तानाजी म्हणाला, "सर, आधी रस्त्याचं कॉलिमेशन करून घ्या. मग आपलं."

* * *

यावर सुभाषने एकट्यानेच उपाय काढला. मोठा आरसा हलतो ना, मग त्याच्या तिन्ही क्लिपा त्याने पान्याने जीव खाऊन आवळल्या. काच बिचारी दबली आणि त्या आठवड्यात सगळे तारे तिकोनी आले. शेपटी परवडली! गेस्ट हाऊसमधल्या एका पाहुण्याने लॅपटॉपवर ते बघून विचारलं की तारे असे का? सुभाषने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की समुद्राकाठी ते असेच दिसतात. पाहुण्याने मान डोलावली. आम्ही त्या दिवशी जेवलो नाही, इतके वैतागलो होतो.

* * *

मग लेझर आणला. नळीत घालायचा, लाल ठिपका आरशाच्या मधोमध आणायचा, झालं काम. पंधरा दिवस तसं केलं. शेपट्या होत्या तिथेच. शेवटी तानाजीने सहज तो लेझर जागच्या जागी फिरवला, तर ठिपका आरशावर गोल गोल फिरायला लागला. लेझरच आपल्या नळकांड्यात तिरका बसला होता. मापायचंच वाकडं, तर जुळणार काय? तानाजी तो फॅक्टरीत घेऊन गेला आणि जेवणाच्या सुट्टीत सरळ करून आला. सुपरवायझरने विचारलं, कुठल्या पार्टीचं काम? याने सांगितलं, डिचोलीच्या सरांचं. सुपरवायझर सरांचाच विद्यार्थी निघाला.

* * *

यापुढचा किस्सा सांगताना अजून मला हसू येत नाही.

मोठ्या आरशाच्या मध्यावर कागदाची एक बारीक रिंग चिकटवलेली असते, नेम धरायला. आमच्या हवेत ती पावसाळ्यात सुटून पडली. दसऱ्याला सरांनी दुर्बिणीची पूजा केली. आपल्याकडे हत्यारं पुजतात, त्यात त्यांची दुर्बीण आलीच. आरसा बाहेर काढला होता. सरांनी अंगठीच्या बोटाने त्याच्या बरोबर मध्यावर गंधाचा टिकला लावला आणि म्हणाले, आता रिंग नको, हाच मध्य.

आम्ही मान्य केलं. करणारच! हे सर फळ्यावर हाताने वर्तुळ काढायचे आणि मधे टिंब द्यायचे. आम्ही पोरं कंपास लावून बघायचो. टिंब कधी हललेलं नसायचं.

तीन महिने त्या टिकल्यावर लेझर मारला. तीन महिने शेपट्या. मग एका रविवारी सर आंघोळीला गेले असताना तानाजीने व्हर्नियर लावला. टिकला मध्यापासून नऊ मिलिमीटर बाजूला होता.

तानाजीने दोनदा मोजलं, मला मोजायला लावलं. मग कापसाने टिकला पुसून नवी रिंग बसवली. सरांना सांगितलं की गंध दमट हवेत ओघळलं. ते म्हणाले, हां, ते जाताच. होतंच तसं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

* * *

यंदा जमलं. सर घरी होते, आम्ही तिघे मांद्र्याच्या गच्चीवर, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात. लॅपटॉपवर चारही कोपरे मोठे करून बघितले, तारे मोहरीसारखे गोल. सुभाष रडला. तानाजीने आरसा जुळवायच्या तिन्ही स्क्रूंवर लाल ऑइलपेंटची रेघ ओढली आणि आम्हाला बजावलं, "याला कुणी हात लावला तर मग तो हाय आणि मी हाय."

म्हापशाला मोठी प्रिंट काढली. सकाळी दुर्बीण आणि प्रिंट दोन्ही घेऊन सरांकडे गेलो. गाडी अशी चालवली की मागून हॉर्नवर हॉर्न. अंगणात लेझर लावून बघितला, ठिपका रिंगच्या आत.

सरांनी प्रिंट खिडकीपाशी नेली. समोर धरली, मग मान कलती करून कडेने बघितली, हल्ली ते माणसांकडेही तसंच बघतात. बराच वेळ बघितलं. सरांची पत्नी, आमच्या वहिनी, चहा घेऊन येऊन उभ्या होत्या.

"बरो आयला," सर म्हणाले. "पण शेपट्यो आसात मरे अजून. सगळ्यांक."

प्रिंटवरचे तारे गोलच होते. सुभाष बाहेर बघायला लागला.

तानाजीने खिशातून स्क्रू फिरवायची ॲलन की काढली आणि अंगणात दुर्बिणीपाशी जाऊन बसला.

"सर, वरच्या स्क्रूला पाव फेरा देऊ?"

"अर्धो दी," सर म्हणाले.

स्क्रूवरची लाल रेघ तडकली. तानाजीने अर्धा फेरा दिला.