दोन मोडक्या नांगरांचं अवजार

आमचं शेत संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला. डोंगराकडून आलेलं पाणी शेतातून धावत नाल्यात जायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. उताराला आडवे चर खोदले तर ते थांबेल, असं माझ्या यजमानांच्या मनात होतं. पण हातानं एकच चर खोदता खोदता उन्हाळा संपला. त्याच सुमारास मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जुना ट्रॅक्टर घेतला. गावातला पहिलाच. यजमान त्याच्याभोवती फिरायचे आणि म्हणायचे, "चर हाच खोदीन. त्याले फक्त तसं अवजार पायजे."

तसं अवजार बाजारात कुणी पाहिलेलं नव्हतं. गोठ्यात बैलांचे दोन मोडके लोखंडी नांगर पडून होते. त्यांची पाती पुढच्या टोकाशी एकमेकांना जोडायची, म्हणजे माती दोन्हीकडं पडेल, असं यजमानांनी ठरवलं. त्यांनी ती अंगणात मांडली. मी दाराशी ज्वारी निवडत पाहत होते.

"अहो," मी म्हटलं, "हे दोन्ही उजवीकडंच माती टाकतात. डावीकडं कोण टाकीन?"

त्यांनी दोन्ही पाती हातानं चाचपून पाहिली. मग मोठ्यानं हसले. एक पातं लोहाराच्या भट्टीत तापवून उलटं वाकवलं आणि दोन्ही नांदुऱ्याला नेऊन वेल्डिंग करून आणली.

ज्वारी निघाल्यावर, ओल होती तोवर, अवजार जोडलं. मी भाकरी घेऊन गेले ती परत आलेच नाही. ट्रॅक्टर चालला, पण पाती नुसती जमीन खरवडत राहिली.

"काऊन वरवरच चालून राह्यलं?" यजमान वैतागले.

"हलकं आहे," मी म्हटलं. दगड ठेवले, ते घसरून पडले. मग मीच पदर खोचला आणि अवजाराच्या दांड्यावर जाऊन बसले. पुढचे काही हात माती माझ्या दोन्ही बाजूंनी उठत गेली. काळी, ओली, खालची. अशी माती मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात मामंजी धावत आले. "थांबव रे! सूनबाई, उतर. पडशीन तं हातपाय मोडतीन."

"मामंजी, वजन लागते त्याले."

त्यांनी मागं वळून चराकडं पाहिलं. खाली वाकून खोली हातानं मोजली. मग फेटा घट्ट केला. "सरक," म्हणाले. "माहं वजन तुह्यापेक्षा जास्त हाय."

संध्याकाळपर्यंत ते दांड्यावर बसून होते. अंगभर धूळ, आणि उतरायचं नाव नाही.

पुढच्या पावसाळ्यात चर भरले. एका ठिकाणी चराच्या काठचा मातीचा बांध फुटला, तो आम्ही तिघांनी चिखलात उभं राहून बुजवला. पाणी मात्र थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी चर कोरडे दिसले, तेव्हा पाणी गेलं कुठं हे पाहायला मी चराच्या खालच्या अंगाला तुरीची काठी खुपसली. ती सहज हातभर ओल्या मातीत गेली.