मनकर्णेचं फाटक
कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली, बडनेऱ्याच्या वखारीत कापसाच्या गंजीला चिलमीची ठिणगी लागली आणि पहारेकरी नत्थुजी त्यात गेला. त्याची काठी घेऊन त्याची बायको मनकर्णा फाटकावर उभी राहिली. आत जाणाऱ्या प्रत्येकाची चिलीम पेटवायची चकमक ती काढून घेई.

एका दुपारी मालकाचे जावई पेटता चिरूट ओढत आले. तिने काठी आडवी धरली.

"मी कोण, ठाऊक आहे?"

"ठाव हाय. पन आगीले जावई-सासरा कळत नाई. इझवा."

"आजच तुला काढतो!"

"काढा. तवर फाटक माह्यं हाय."

हमाल पाठीवरचे बोजे खाली ठेवून तिच्याजवळ येऊन उभे राहिले. जावयांनी चिरूट जोड्याखाली चिरडला. तरी मनकर्णा हटली नाही. तिने हात पुढे केला.

"खिशातली काडेपेटी बी द्या."

त्यांनी दिली. तिला काढायची हिंमत पुढे मालकालाही झाली नाही.